एकेचाळीस गामेलान आणि माझं एक वाक्य

अस्सलामु अलैकुम वरहमतुल्लाही वबरकातुह. इतर धर्मांच्या बंधुभगिनींनाही माझं मनापासून वंदन.

शाळा समितीचे अध्यक्ष आदरणीय हाजी मस्रुरी, आमच्या मुख्याध्यापिका बु एर्लिना, आजचे सत्कारमूर्ती पाक दारसुकी, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी बु मुर्नी, समोर जमलेले पालक, माजी विद्यार्थी आणि माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

चौतीस वर्षं या शाळेत संगीत शिकवून पाक दारसुकी आज निवृत्त होत आहेत. त्यांच्या शिष्यांबद्दल आधीचे वक्ते बोलले आणि फार छान बोलले. मला सांगायला सांगितलंय ते वेगळंच. कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, ‘बु विगाती सांगतील : पाकांचा गामेलान-संग्रह कसा वाचला’. मंडळी, ही कार्यक्रमपत्रिका छापायला गेल्यानंतर मी बु एर्लिनांना भेटले आणि म्हटलं, बु, गोष्ट सांगते, पण ती वाचवल्याची नाही. त्या म्हणाल्या, पाकांची हरकत नसेल तर सांगा. पाकांची हरकत नाही. उलट त्यांचीच अट आहे.

तर ऐका. मी इथे गणिताची शिक्षिका म्हणून आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. या गावात माझं कुणी नव्हतं. ‘पाक’ आणि ‘बु’, बाबा आणि आई, हे मानाचे शब्द या दोघांनी खरे केले. बु मुर्नींनी आपल्या घरातली मागची खोली मला दिली आणि तीन वर्षं मी त्यांच्याच ताटात जेवले. पुढच्या खोलीत पाकांचा संगणक होता, वर कापडाचं झाकण घातलेला. त्यात काय होतं हे इथल्या तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल. आपल्या जावात कुठल्याही दोन गावांचे गामेलान, काशाच्या पट्ट्या-घंटांचे हे वाद्यसंच, एका सुरात लावलेले नसतात. ज्या लोहारानं संच घडवला त्याचा कान त्या काशात उतरलेला असतो. पाक नऊ वर्षं दर रविवारी मोटारसायकलवर एकेका गावी जात आणि संचातली एकेक पट्टी, एकेक घंटा वाजवून तिचा आवाज टिपून आणत. असे एकेचाळीस संच त्या संगणकात होते. त्यांच्या प्रती काढून ठेवायच्या, असं ते सहा महिने म्हणत होते.

त्या वर्षी मला एक वेड लागलं. गावात आम्हा दहा-बारा जणांचा एक गट होता. संगणक चालवणारी प्रणाली चोरीची वापरायची नाही, मोफत आणि खुली असेल तीच वापरायची, तिच्या सीडीच्या चकत्या एकमेकांना वाटायच्या, असा आमचा बाणा होता. तुम्ही हसाल, पण पहिल्यांदा ती चकती घातली आणि पडद्यावर सगळी यादी आपल्या भाषेत उमटली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पाकांनीच आपला संगणक मला वापरू दिला होता आणि सांगून ठेवलं होतं, “बघ हवं तेवढं, फक्त माझ्या आवाजांना धक्का नको.” चकतीवरून नुसती चालवून बघितली तर आतल्या कशालाच धक्का लागत नाही. त्याप्रमाणे मी दोन प्रणाली चालवून पाहिल्या. तिसरी इतकी आवडली की ती कायमची बसवावी असं वाटलं.

शनिवारची दुपार होती. पाक आणि बु क्लातेनला लग्नाला गेले होते. पडद्यानं विचारलं, जुन्याच्या शेजारी बसवू की पूर्ण डिस्क घेऊ? खाली लाल अक्षरांत ताकीद होती. मी ती वाचली नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. मी ती वाचली होती. गणिताची शिक्षिका ना मी, मला सगळं कळतं अशा तोऱ्यात होते. आवाज डिस्कच्या दुसऱ्या भागात आहेत, त्याला काही होणार नाही, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. वीस मिनिटांत नवी प्रणाली सुरू झाली, स्वच्छ आणि देखणी. दुसरा भाग शोधायला गेले, तर तो नव्हताच.

इथवर ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पुढचं मात्र मी जाणून केलं.

रविवारी पाकांनी झाकण काढून संगणक सुरू केला. एकेक कप्पा उघडून पाहिला आणि मग त्यांनी मला हाक मारली. “न्दुक, पोरी, हे काय झालंय?” संगणकाचा पंखा बदलायला त्याच आठवड्यात तो पाक गियांतोंच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात गेला होता. मी म्हणाले, “पाक गियांतोंनी काहीतरी बदललेलं दिसतंय.”

एवढंच. हे एक वाक्य बोलायला मला श्वाससुद्धा घ्यावा लागला नाही.

पाक गियांतो घरी आले. मी दाराआड उभी होते. ते म्हणाले, मी पंखा बदलला, दुसऱ्या कशाला हात लावला नाही, ही प्रणाली कुणीतरी नंतर घातली आहे. पुढे ते असंही म्हणाले, “पाक, आता हा चालू करू नका. लगेच मला द्या. पुसलेलं थोडंफार परत काढता येतं, मी प्रयत्न करतो.” पाकांनी तो त्यांना दिला नाही. ज्यानं पुसलं त्याच्याच हाती पुन्हा कसा देणार? मंडळी, ते आवाज परत आणू शकेल असा एकच माणूस या गावात होता, आणि माझ्या वाक्यानं त्यालाच दारातून परत पाठवलं. मी दाराआडून पुढे आले नाही.

त्या महिन्यात याच सभागृहात पालकांच्या बैठकीत पाकांनी गियांतोंचं नाव घेऊन सांगितलं, या माणसाकडे यंत्रं देऊ नका. शाळेनं त्यांचं काम बंद केलं. गावाची रीत तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांत त्यांचं दुकान मिटलं. अलीकडे ते घरीच पाण्याचे पंप दुरुस्त करतात.

आणि मी? मी दर रविवारी पाकांच्या मोटारसायकलवर मागे बसू लागले. सगळी गावं पुन्हा पालथी घालायला सात वर्षं लागली. आवाज मी त्याच खुल्या प्रणालीवर टिपले, शाळेतही तीच आणली, तिच्यासाठी जिल्ह्याचं मानपत्रही घेतलं. लोक म्हणत, शिष्या असावी तर अशी. प्रत्येक वेळी मी मान खाली घालायची आणि त्यालाही लोक विनय म्हणायचे. एकेचाळीसपैकी सत्तावीस संच मिळाले. उरलेले चौदा विकले गेले किंवा वितळवले गेले होते. एका गावी एक आजी रिकाम्या ओसरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “गेल्या सणाच्या आधी आला असतात तर.” पाक त्यांना म्हणाले, मी आलो होतो, बु.

तीन आठवड्यांपूर्वी हे भाषण लिहायला बसले आणि लिहिता येईना. तशीच उठून पाकांकडे गेले. ते ओसरीवर पक्ष्याचा पिंजरा धूत होते. मी सगळं सांगितलं. ते पिंजरा धूतच राहिले. धुता धुताच म्हणाले, “ते चौदा संच कुठले, सांग बरं.” मी चौदाही गावांची नावं घेतली. “मलाही पाठ आहेत,” ते म्हणाले.

बु मुर्नी आतून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, “त्यानंतर अकरा वर्षं येता-जाता तू माझ्या हातचं जेवलीस, तुला घास कसा उतरला गं?” 

मग पाक म्हणाले, “तुला माफ करायचं की नाही, ते माझं मी बघेन. त्याला वेळ लागेल. पण गियांतोचं नाव मी भरल्या सभागृहात घेतलं होतं. तो डाग पुसायचा तर तेवढ्याच माणसांसमोर.” मी म्हटलं, संग्रहाच्या छापील सूचीतल्या पहिल्या पानावरचं माझं नाव काढते. ते म्हणाले, “नाव राहू दे. त्याखाली चौदा गावं लिही आणि ती का नाहीत तेही लिही.” ते पान आज बाहेरच्या टेबलावर ठेवलेल्या प्रतीत आहे. कृपया वाचून जा.

दुसऱ्या दिवशी पाक स्वतः गियांतोंच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीही मला सांगितलेलं नाही. आज पाक त्यांना सोबत घेऊन आले आहेत. तिसऱ्या रांगेत, निळ्या बाटिकच्या सदऱ्यात, आपल्या मुलीशेजारी ते बसले आहेत.

अध्यक्ष महाराज, दिलेला वेळ मी ओलांडला आहे. बोलू दिलंत त्याबद्दल आपले आणि बु एर्लिनांचे आभार. पाक दारसुकी, बु मुर्नी, तुम्ही मला छप्पर दिलंत, विद्या दिलीत. तुमचे आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानते. बोलण्याच्या ओघात मानापानात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहानं उदार मनानं पदरात घ्यावं. भाषण संपवताना आपण सगळेच असं म्हणतो आणि सभागृह ते मान्य करतं.

पण पाक गियांतो, तुमच्यासमोर ही रीत मला पुरायची नाही. तुम्ही खरं बोलत होतात. मी खोटं बोलले. हे तुमच्या मुलीनं, शेजाऱ्यांनी, साऱ्या गावानं आज माझ्या तोंडून ऐकावं, एवढ्यासाठी मी इथे उभी आहे. माफ कराच असा माझा आग्रह नाही, आणि आज मान हलवायचं ओझंही तुमच्यावर नको. मी याच गावात आहे. तुमचं काय ठरेल ते सांगायला या, किंवा येऊ नका.

वस्सलामु अलैकुम वरहमतुल्लाही वबरकातुह.