आधी वरचा बोल्ट

ती: म्हणजे गाडी हलणारच नाही?

तो: हलेल ना. तेल भरलं की हलेल.

ती: मग भर की!

तो: तिथेच तर घोळ झालाय.

ती: नीट सांग. मला गाडीतलं काही कळत नाही असं समज.

तो: समजायचं काय त्यात? बरं, इकडे वाकून बघ. मागच्या दोन चाकांच्या मध्ये तो लोखंडी गोळा दिसतोय? तो डिफरन्शियल. आत दातेरी चाकं असतात, ती तेलात बुडालेली लागतात. जुनं तेल खालच्या बोल्टमधून सोडायचं आणि नवं वरच्या बोल्टमधून भरायचं. मी खालचा उघडला. सगळं तेल गेलं घमेल्यात. आणि आता वरचा उघडत नाहीये.

ती: मग वरचा आधी उघडून बघायचा होतास!

तो: हो.

ती: हो काय?

तो: हो म्हणजे हो. आधी वरचा बोल्ट सुटतो का बघायचं, तोवर खालच्याला हात लावायचा नाही. पहिला धडाच तो. विसरलो.

ती: तू विसरलास? दर रविवारी या गाडीखाली लोळणारा माणूस?

तो: विसरलो.

ती: आणि नेमका आज. उद्या सकाळी मला डोंगरावरच्या दवाखान्यात हजर व्हायचंय. त्या रस्त्याला ही गाडी सोडून दुसरं काही चढत नाही. उद्या पोचले नाही तर ते दुसरी नर्स घेणार. हे सगळं माहीत असताना तू विसरलास.

तो: मी मुद्दाम केलं असं म्हणतेयस तू.

ती: मी काहीही म्हणत नाहीये.

तो: तोंडाने नाही म्हणत. नाक बघ कसं फुललंय.

ती: मागे माझी मुलाखत होती, त्या दिवशी बॅटरीची वायर कुणी काढली होती?

तो: उंदरांनी कुरतडली होती, सांगितलं ना तेव्हाच.

ती: उंदीर नट सोडवतात? आणि सोडवलेला नट पुसून खिळ्यांच्या डबीत ठेवतात?

आई: उंदीर होते हं घरात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. आणि तेल संपलंय म्हणून एवढी भांडाभांडी कशाला? घरात अर्धा डबा आहे. आणू का?

तो: आई, ते तेल गाडीला चालत नाही.

आई: न चालायला काय झालं? परवा बिजागरीला चाललं की.

ती: आई, तुम्ही पायरीवर बसा. ऊन आहे.

आई: बसते बाई. माझं कोण ऐकतंय या घरात!

तो: हे बघ, तेव्हाचं सोड. आज खरंच विसरलो. काल वळणावर गाडी मागून घुं घुं करत होती. म्हटलं, तू एकटी चढणार, नवं तेल घालून देऊ. आज खालचा बोल्ट जरा सैल केला, बोटाला तेल लागलं. हे बघ, चमकतंय ना? लोखंडाचा चुरा आहे हा. म्हणजे आतले दाते झिजतायत. तो दिसला आणि घाबरून सगळंच तेल सोडून दिलं.

ती: खरं सांगतोयस?

तो: खरं.

ती: मला कसं कळणार?

तो: नाहीच कळणार, तिथेच तर माझे हात टेकले. शपथ घेऊ? कुणाची घेऊ, उंदरांची?

ती: हसवू नकोस. रडू येतंय मला. गॅरेजवाल्याला तरी बोलाव.

तो: तो गावाला गेलाय. फोनवर म्हणाला, बोल्टच्या कडा झिजल्या असतील तर छिन्नी लावून ठोक. सुटला तर सुटला.

ती: आणि नाही सुटला तर?

तो: तेवढं विचारायची हिंमत झाली नाही. टॉर्च धरतेस? ये खाली. केस सांभाळ, वर सगळं काळं आहे.

ती: किती अंधार आहे इथे! इथेच धरू?

तो: जरा डावीकडे. हं, तिथे.

ती: एक विचारू? मी जायला नकोय ना तुला?

तो: नकोय.

ती: सरळ सांगितलंस की आज.

तो: आठवडाभर तू तिकडे. गाडीही तिकडे. इथे मी आणि आई, आणि तिची एकच गोष्ट दिवसातून चारदा. घर खायला उठेल मला. नकोच आहे तू जायला. पण हे तेल मी त्यासाठी सोडलं नाही. आता हे तुला कसं पटवू, मला खरंच कळत नाही.

ती: वायरीच्या वेळी असं बोलला असतास तर...

तो: डोळे मिट. गंज उडेल.

(हातोडीचे घाव. मग ते थांबतात.)

ती: काय झालं? हलला का? मला इथून तुझं कोपर तेवढं दिसतंय.

तो: टॉर्च बंद कर आता.

ती: नाही ना? राहू दे मग. मी कळवून टाकते त्यांना. सरक, बाहेर येऊ दे मला. आई, तो फोन द्या जरा.

आई: हा घे. कुणाला लावतेस?

ती: दवाखान्यात. येत नाही म्हणून सांगते.

आई: बरं झालं बाई! घरात माणूस असलेलं बरं.

ती: हो, आई.

तो: लावू नकोस.

ती: का?

तो: सुटलाय तो.

ती: बोल्ट? कधी?

तो: मघाशीच.

ती: मग बोलला का नाहीस?

तो: आता बोललो ना. नवं तेल दे इकडे. आणि हा बोल्ट गेला कामातून, डबीत एक नवा आहे, तोही दे.

ती: कुठल्या डबीत?

तो: त्याच. उंदरांच्या.