मंगळवारची भिंत

...आणि मला काय वाटलं होतं, सांगू? मला वाटलं होतं, सिमेंटचा तो करडा थर काढला की आतून लाल मातीची भिंत बाहेर येईल, तीस वर्षं कोंडलेली, मी तिच्यावरून हात फिरवीन, फोटो काढीन, दिल्लीच्या मैत्रिणींना पाठवीन... आणि निघालं काय? भोक. तुम्हाला सांगते, कोपरापर्यंत हात आत गेला माझा. हात काढून वाकून बघते तर पलीकडे उजेड, उजेडात खाटेचा पाय, आणि खाटेच्या पायाशेजारी शेजारच्या अंबुबाईंचा पाय. भेगांसकट.

मी घाबरट नाही बरं का. पाच वर्षं दिल्लीत एकटी राहिले, जुन्या इमारती कशा जपायच्या त्याचंच शिक्षण घेतलं. पण तिथे इमारत पडायला आली की तिच्याभोवती दोरी बांधतात आणि आपण दोरीच्या बाहेर उभं राहून टिपणं काढतो. इथे दोरीच्या आत मीच की!

बेळगावातून निघून कंग्राळी ओलांडली की आमचं गाव. बाबा उद्यमबागेत कारखान्यात कामाला, राहायला बेळगावात फ्लॅटमध्ये, आणि गावातलं हे तीन खोल्यांचं कौलारू घर काढून टाकू म्हणत होते. मीच हट्ट धरला, मी राहणार, मी दुरुस्त करणार, तेही मातीनं, सिमेंटचा कण न वापरता. घर अंबुबाईंच्या घराला चिकटून आहे, मधली भिंत दोन्ही घरांची मिळून एकच, आणि दोन्ही छपरांच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या. आमच्या बाजूनं बाबांनी कधीतरी जाळी मारून प्लास्टर केलं होतं. मला ते बघवेना. आता कळतंय, प्लास्टर भिंतीला लावलेलं नव्हतंच, भिंत प्लास्टरला लावलेली होती. आतली माती घुशींनी पोखरलेली, उरलेली वाळवीनं.

आता तुम्ही विचाराल, गवंडी नव्हता का? होता ना. भरमूअण्णा. त्यांनी आधीच सांगितलं होतं, बुधवारी येतो, तोवर हात लावू नको. मला वाटलं, झाली टाळाटाळ सुरू! म्हणून सोमवारी दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन मीच सुरू केलं, कानात गाणी लावून. आणि नेमकं त्याच वेळी देवळाच्या भोंग्यावरून सांगत होते म्हणे, उद्या वार आहे, कुणी कामाला हात लावू नये.

वार म्हणजे काय, ते माहीत नसेल तर सांगते. आमच्याकडे लक्ष्मीची यात्रा असते, बऱ्याच वर्षांनी येते, आणि तिच्या आधीचे पाच मंगळवार गाव पाळतं. त्या दिवशी कुदळ नाही, नांगर नाही, थापी नाही, ठोकाठोकी नाही. मला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका! कॉलेजात यावर मी भाषण केलं होतं, 'सामूहिक विश्रांतीची लोकपरंपरा'. टाळ्या पडल्या होत्या. तारखा मात्र कुणी विचारल्या नव्हत्या.

सोमवारी अंधार पडेपर्यंत टेबल, कपाट, पुस्तकांचे खोके, सगळं भिंतीला लावलं आणि मंगळवारी उजाडताच भरमूअण्णांच्या दारात. ते धुतलेला सदरा घालून कट्ट्यावर बसलेले. म्हटलं, अण्णा, फक्त एक टेकू द्या. तर म्हणतात, "आज वार हाय बाळ. टेकू ठोकायचा म्हंजे काम झालं की." बघायला मात्र आले. बघायला वाराची आडकाठी नाही! आणि एकटे नाही आले, गावातले सगळे गवंडी, सुतार, मिस्त्री, ज्यांना एरवी फोन केला तर महिनाभर उचलत नाहीत, ते सगळे त्या दिवशी मोकळे. माझ्या खोलीत ओळीनं उभे, हात पाठीमागे बांधून, आणि चर्चा कसली? आधी तुळई सुटेल की आधी कोपरा बसेल. म्हणजे शंभर वर्षांचा अनुभव त्या खोलीत उभा, आणि एक हात पुढे येईना! मी कोपऱ्यातला वासा उचलला, तर सगळे एका सुरात म्हणाले, ठेव खाली.

म्हटलं, अण्णा, पडेल का हो?

"पडंल. पण आज न्हाय पडायची."

का?

"वार हाय न्हवं?"

भिंतीलाही वार! आणि वाराचं कौतुक करणारं भाषण माझंच होतं.

मी घाबरट नाही, पण हे लोक चहा पिऊन गेल्यावर त्या खोलीत जो आवाज येतो ना... सुर्रर्र... चमचाभर माती खाली येते, थांबते, आणि आपणही श्वास धरून थांबतो. प्रत्येक वेळी मला तो भेगांचा पाय दिसायचा. माझं मी बाहेर पडू शकत होते हो. पण अंबुबाई? गुडघे गेलेले, घरात एकट्या, मुलगा पुण्याला, आणि खाटेची उशी बरोबर त्या भिंतीखाली.

शेवटी दुपारी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, काकू, खाट माझ्याकडे पुढच्या खोलीत नेऊ या का आजच्या दिवस? कारण सांगितलं नाही. धीर होईना. तर म्हणाल्या, "वाराला अंथरूण दुसऱ्याच्या घरात नेत न्हाईत गं." आणि तांदूळ निवडायला लागल्या. मग काय करणार? बसले त्यांच्या खाटेवर, भिंतीला पाठ लावून, जशी काय माझ्या पाठीनं तुळई पेलणार होती! तास गेला, दीड तास गेला, एकदा माझ्या खांद्यावर माती पडली. काकूंनी ती पदरानं झटकली आणि पुन्हा तांदूळ.

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं, काकू, भिंत मी सोलली, आत काही नाही, कधीही पडेल.

त्यांनी मान वर केली नाही. "कळलं की मला. काल तू खरवडत हुतीस तवा माझ्या च्यात माती पडली."

मग बोलला का नाहीत?

"लई हौसेनं करत हुतीस. मी म्हटलं, करू दे."

आणि पडली असती तर?

आता कुठे हातातलं सूप खाली ठेवलं त्यांनी. "चार वर्सं हितं एकलीच झोपतो मी. रोज माती पडती, रोज ऐकतो. भ्या वाटतं म्हणून सांगायचं कुणाला? आज तू बसलीस. आज न्हाय वाटलं."

तुम्हाला सांगते, मी घाबरट नाही असं दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होते मी... आणि ही बाई चार वर्षं. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत मी तिथून हलले नाही, आणि भिंतही हलली नाही. भरमूअण्णांना हे सांगू नका, उगाच माजतील.

बुधवारी सकाळी ते थापी घेऊन हजर. म्हणाले, दोन वाटा आहेत. पुन्हा जाळी मारून सिमेंट चोपडतो, चार दिवसांत मोकळं. न्हायतर छपराला टेकू देऊन भिंतच उतरवू आणि मातीची नवी उभी करू, पण पेंढा घालून भिजवलेला चिखल कुजायलाच पंधरा दिवस जातील, आणि तोवर दोन्ही घरं उघडी.

मी म्हटलं, उतरवा. आणि आधी काकूंची खाट माझ्याकडे पुढच्या खोलीत आणा.

खाट आली. मग ट्रंक आली, देवांचा फोटो आला, टीव्ही आला. माझं टेबल आता स्वयंपाकघरात असतं, आणि मी कोथिंबीर जाड चिरते हे रोज सकाळी मला कळतं. भिंत यात्रेच्या आत उभी राहील असं भरमूअण्णा म्हणतात. अंबुबाई परत पलीकडे जातील असं मात्र कुणीच म्हणत नाही. त्या तर नाहीतच.