वहीतले तीन पतंग

हसू नका, पण टोमॅटोत अळी निघाली की मला अजून लाज वाटते.

गेल्या हंगामात आमच्या शिवारात ठरलं, उगाच औषध मारायचं नाही. मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे कामगंध सापळे लावायचे, त्यात अडकलेले अळीचे पतंग रोज सकाळी मोजायचे आणि आठच्या वर गेले तरच फवारणी करायची. मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी चाकणला कंपनीत क्वालिटीला. शेजारच्या हौसाकाकी रोज बांधावरून विचारायच्या, "मारू का रं औषध?" मी वही बघून सांगायचो, "नको काकी, तीनच हायेत."

आता कंपनीत काय चालतं ते तुम्हाला माहितीये. तपासणीचं चेकशीट आपण शिफ्टच्या सुरुवातीलाच भरून टाकतो. मी इथंही तेच केलं.

बुधवारी कृषी सहायक मॅडम आल्या. त्यांनी वही उघडली आणि मला विचारलं, "भाऊ, आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग येत्या शनिवारचे पतंग तुम्ही कधी मोजले?"

मी सापळ्याकडे बघितलं. त्याची खालची पिशवी पतंगांनी गच्च भरली होती. तेवढ्यात काकी ओच्यात टोमॅटो घेऊन आल्या. एकेकाला भोक, आत अळी. मॅडमनी वही माझ्यासमोर धरली.

"त्याला नका बोलू मॅडम," काकी म्हणाल्या, "कंपनीत क्वालिटीला हाय त्यो, मोजण्यात चुकायचा न्हाई. आळ्याच लबाड निघाल्या."

आणि राव, मी मान डोलावली.