चाळीस बादल्या गोडं पाणी

...आणि वर मलाच विचारतात, "विंका, वेडबिड लागलं का गं तुला?" मला! अहो, आमच्या बेटावर विहीर नाही, झरा नाही, छपरावरून घराखालच्या टाकीत उतरेल तेवढाच पाऊस आमचा, कबूल! पण त्यातलं पाणी होडीच्या इंजिनाला पाजलं तर ते वेड, आणि समुद्राचं मीठ पोटात तसंच ठेवून इंजीन हिवाळाभर झाकून ठेवायचं, ते शहाणपण? तुम्हाला सांगते, इंजिनाला गोडं पाणी म्हणजे गोडं पाणी!

झालं काय, माझा नवरा शिमुन उन्हाळ्यात वारला. होडी मागे ठेवून गेला. ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायची वेळ आली, तसा धाकटा दीर बार्तुल दारात हजर, टोपी हातात, चेहरा असा की जणू माझ्याच भल्यासाठी रात्रभर झोपला नाही. "वहिनी, इंजीन राखणं बाईमाणसाचं काम नव्हे. गंजून जाम होईल. त्यापेक्षा होडी मला द्या, तुम्हाला कुठं जायचं असेल तर मी सोडत जाईन ना!" सोडत जाईन! माझी ऑलिव्हची झाडं पलीकडच्या बेटावर, आणि मी माझ्याच झाडांना भेटायला ह्याच्या मर्जीनं जायचं? हा झोपला असेल तर झाडं थांबणार? म्हटलं, "भाऊजी, एप्रिलात संत जुराजच्या दिवशी इंजीन चालू झालं तर होडी माझी. नाही झालं तर न्या ओढून!" दार आमचं धक्क्यावरच, सगळ्यांसमोर बोलले. जीभ आहे माझी, काय करू!

आता आमच्या बंदरातली रीत ऐका. इंजीन गार ठेवायला समुद्राचंच पाणी आतून फिरतं, म्हणून हिवाळ्यात ठेवायच्या आधी दोन बादल्या गोडं पाणी फिरवायचं, की झालं! पाण्याची चिक्कूगिरी हो, दुसरं काय! बार्तुल म्हणाला, "चाळीस वर्षं दोनच बादल्या घालतोय आम्ही." म्हटलं, "आणि चाळीस वर्षांत इंजिनं किती बदललीत?" तर म्हणतो, "तीन... पण ती मुळातच खराब होती!"

मी नळी बादलीत सोडली, इंजीन सुरू केलं, मागून पडणारं पाणी बोटानं चाखलं. खारट! अजून बादली. खारट! अजून! धक्क्यावरचे बाप्ये पोट धरून हसतायत, "सूप झालं का गं?" हसा मेल्यांनो! चाळिसाव्या बादलीला पाणी गोड लागलं. मग उरलंसुरलं सगळं काढून टाकलं, सिलिंडरमध्ये तेल सोडलं, इंजिनाचं चाक हातानं फिरवलं, धुराच्या नळीत तेलकट बोळा कोंबला. आणि दर रविवारी प्रार्थना आटपली की होडीत चढून चाकाला चार फेरे. शिमुन असंच करायचा. चाक फिरवताना त्याचा हात आठवायचा मला... जाऊ दे.

पण घरी? घरी सासूबाई! पेरीनाबाई, वय शहाऐंशी, टाकीची किल्ली कमरेला. "अगं, एवढ्या पाण्यात मी चार बाळंतपणं काढली!" म्हटलं, "बाळं गंजत नाहीत, आई!" आणि नेमका त्याच हिवाळ्यात पाऊस रुसला. डोंगरावरून तो कोरडा वारा, 'बुरा' म्हणतो आम्ही त्याला, सुटला तो सुटलाच, ढग म्हणून टिकू देईना. सासूबाई रोज टाकीत दोरीला दगड बांधून सोडायच्या आणि जेवताना, घास माझ्या तोंडात असतानाच, जाहीर करायच्या, "वीतभर खाली गेलं." भांडी समुद्राच्या पाण्यानं घासली, नाताळात न धुतलेल्या केसांवर रुमाल बांधून चर्चमध्ये गेले, पण माघार? छे! इंजिनाला गोडं पाणी म्हणजे गोडं पाणी!

उजाडला संत जुराजचा दिवस. सगळं बंदर गोळा. बार्तुल तर होडी ओढून न्यायला दोर घेऊनच आलेला, बघा म्हणजे! होडी पाण्यात उतरवली. बोळा काढला, हँडल धरलं, म्हटलं शिमुन, आज नाक कापू नकोस, आणि दिला हिसका. टुक्... टुक्... टुक्टुक्टुक्! अहो, मी रडले, हसले, शिट्टीसुद्धा मारली! आणि बार्तुलचं स्वतःचं इंजीन? जाम! तिघं लोंबकळले हँडलला, हलेना! "मुळातच खराब होतं," म्हणाला.

आता ह्या विजयाच्या क्षणी मी होडीत कमरेवर हात ठेवून उभी, आणि गर्दीतून कोण यावं? सासूबाई. मागे हातगाडीवर चार रिकामी पिंपं. टाकी सकाळीच तळाला लागली होती, आता पाणी मिळणार ते समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरच. मला वाटलं, पोरानं राखलेलं इंजीन सुनेनं जगवलं, निदान शाबास तरी म्हणतील. म्हातारीनं इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या बंदरासमोर म्हणाली, "प्यायलं ना ह्यानं? मग आता आणूनही ह्यानंच द्यायचं."

उचलली पिंपं.