चौदा मुडदे आणि एक करंगळी

...आणि वर फादर मलाच विचारतात, "मुडदे नक्की किती, तेरा की चौदा?" अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या चर्चच्या मासिकात ‘पाहावा की पाहू नये’ हे सदर मी पंधरा वर्षं चालवतोय, आजवर एका शिवीची चूक झालेली नाही. मुळात मी बाटल्यांच्या कारखान्यातला तपासनीस, एकतीस वर्षं बाटल्या उजेडापुढे धरून तडे शोधले, त्यामुळे माझा तक्ता कसा, एकदम कडक... शिव्या किती, रक्त किती वेळा, देवनिंदा किती, मुडदे किती, आणि खाली एका ओळीत निकाल. लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुमची, दर महिन्याला पिक्चर! मजा कसली डोंबलाची? मी काही पिक्चर बघायला जात नाही हो, मोजायला जातो.

आता हा पिक्चर कसला, तर भुताचा. दार कुरकुरलं, पडदा हलला, झालं, असलं जुनं गरीब भूत नव्हे; हल्लीची भुतं माणसाची आतडी बाहेर काढल्याशिवाय जागची हलत नाहीत. आणि ती आतडी कोणी केलेली? माझ्या मुलीनं. कामच तिचं ते... रबर, मेण, रंग घ्यायचे आणि जखमा करायच्या. कापलेला गळा हवाय, तिला सांगा. सडलेला पाय हवाय, तिला सांगा. तीन वर्षांपूर्वी तिचा पहिला पिक्चर आला तेव्हा मी काय केलं असेल? मोजला. एकशे सहा वेळा रक्त. आणि निकालात लिहिलं, देह हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, त्याची अशी विटंबना करणारे हात प्रार्थनेला जोडू नयेत. छापून आलं की. रविवारी चर्चच्या दारात मासिक वाटतात, तिनं तिथेच उभ्या उभ्या वाचलं, नीट घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि गेली ती गेलीच. तीन वर्षं फोन नाही. तिची आई त्याआधीच वारलेली, म्हणजे मधे पडायलाही कोणी नाही.

म्हणून फादरना म्हटलं, या वेळी दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, माझी मुलगी आहे त्यात. फादर बोलतात ना ते असं हळू, प्रत्येक शब्दाला आशीर्वाद देऊन मग सोडल्यासारखं... "म्हणूनच... तुम्ही... जा." म्हणूनच म्हणजे काय? पुन्हा ‘पाहू नये’ लिहिलं तर पोरगी कायमची तुटली, ‘पाहावा’ लिहिलं तर पंधरा वर्षांच्या शब्दाचं मातेरं! पण गेलो. म्हटलं, आपल्याला काय, बघायचं थोडंच आहे, मोजायचं आहे.

दुपारी बाराचा खेळ. थिएटरात मला धरून नऊ माणसं, शेजारी एक जाडजूड गृहस्थ, त्याच्या मांडीवर पॉपकॉर्नची बादली. माझ्याकडे टॉर्च, वही, दोन पेन्सिली. पहिल्या दहा मिनिटांत तीन मुडदे. रेघ, रेघ, रेघ. तो विचारतो, "काका, काय लिहिताय?" म्हटलं, मुडदे. तो एक खुर्ची सोडून बसला. क्रूस वितळतो... देवनिंदा, एक. नायिका उलटी प्रार्थना म्हणते... देवनिंदा, दोन. एकाचा जबडा... जाऊ दे, तुम्ही जेवून आला असाल. पण त्या जबड्याच्या वेळी माझ्या मनात काय यावं? की जबडा छान झालाय. माझ्या पोरीनं केलाय. लगेच प्रभूची क्षमा मागितली. पण झाला होता छान, खोटं कशाला बोलू.

मग चौदावा. नायिकेची आई. शवागार, टेबल, पांढरी चादर, आणि चादरीबाहेर फक्त एक हात. रेघ मारायला पेन्सिल टेकवली, तर तो हात माझ्या बायकोचा.

हसू नका. बायकोचाच. ती घरी शर्टांच्या कॉलर शिवायची, ढिगानं. एकदा मशीनची सुई करंगळीतून आरपार गेली आणि बोट जन्माचं आत वळलं, नखाला मधोमध चीर राहिली. ती करंगळी, ती चीर, मनगटावरची ती फुगलेली शीर... रबराचा हात हो! नायिका त्या हातावर आपला हात ठेवते. मग पिक्चर पडला भुताचा, तेव्हा तो हात उठतो आणि डॉक्टरचा गळा आवळतो. जिनं आयुष्यात पालीवर झाडू उगारला नाही तिचा हात! बाकीचे आठ जण किंचाळले, मी रडलो. तो जाडा पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसला, म्हणाला, "काका, खोटं असतं ते." पुढचं काहीच मोजलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी मोजायला गेलो आणि बघून आलो.

बाहेर पायरीवर बसूनच फोन लावला. चुकलो म्हणायचं होतं, एवढंच, ठरवून ठेवलं होतं. तिनं उचलला, म्हणाली, "हं." आणि तीन वर्षांनी माझ्या तोंडून काय निघावं? कारखान्यातली खोड, दुसरं काय! म्हटलं, "हात चांगला झालाय, पण करंगळी चुकली. आईची उजवी होती, तू डावी केलीस."

ती म्हणाली, "डावीच होती, बाबा. मी शाळेतून येऊन रोज तिच्यासमोर बसून दोरे तोडायचे. तुम्ही कुठे बसायचात?"

कुठे म्हणजे... माझी खुर्ची तिच्या मागे, खिडकीपाशी, पेपरला उजेड तिथेच. तिची पाठ मी अजून डोळे मिटून काढून दाखवीन. हात पुढे असायचे. म्हटलं, थांब, बघून सांगतो. घरी येऊन सगळे फोटो पसरले. लग्नाचा, हातात फुलं. बाप्तिस्म्याचा, हातात मुलगी. शेवटचा, शवपेटीतला, हातांवर जपमाळ आणि पुन्हा फुलं. ती फुलं मीच ठेवली होती.

तर अशा अवस्थेत मी फादरकडे तक्ता घेऊन गेलो आणि ते विचारतात मुडदे किती. म्हटलं, मुडदे राहू द्या, मला माझ्या बायकोची वाकडी करंगळी कुठली ते माहीत नाही. फादर म्हणाले, "डावी." एवढं पटकन ते कधी बोलत नाहीत. म्हणाले, "दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायला तोच हात वर असायचा." म्हणजे फादरना माहीत, पोरीला माहीत, आता तर पॉपकॉर्नवाल्याला माहीत!

निकाल लिहिला. क्रूस वितळवणं मला मान्य नाही, ते लिहिलं. रक्त फार, लहान मुलांना दाखवू नका, तेही लिहिलं. आणि खाली लिहिलं, की तीन वर्षांपूर्वी याच पानावर मी ज्या हातांबद्दल लिहिलं ते हात माझ्या मुलीचे होते, आणि ते कुठे जोडावेत हे ठरवणारा मी कोणी नव्हे. मग फोन करून तिला सांगितलं, डावीच.

म्हणाली, "बरं. तुमचे हात मला आठवत नाहीत, बाबा. पेपरमागे असायचे. नव्या पिक्चरमध्ये एक म्हातारा कापायचाय, हातांचा साचा द्यायला येता का?"

उद्या जातोय. पाचव्या मिनिटाला मला करवतीनं कापणार आहेत म्हणे, मनगटापासून. काय करता... साचा सुकेपर्यंत पाऊण तास हात न हलवता तिच्यासमोर बसावं लागतं.