करपलेल्या कडेचा पाव

वुल्फहेल्म सरदारांच्या पुण्यतिथीचे पाव मठाच्या दारात वाटायचे होते. दाराआड टोपली घेऊन उभ्या असलेल्या साधू एडविगच्या कानावर रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

"तेते, दोन दिवस चालत येतेस दरवर्षी. घरी पाव भाजता येत नाही होय?"

"वुल्फहेल्म धनी यायचे गं माझ्या भट्टीपाशी. करपलेली कड मोडून खायचे नि म्हणायचे, मालकिणीला सांगू नकोस."

"मृत्युपत्रात मोकळं केलं ना तुला?"

"नावानिशी, डुने! धाप लागली होती, तरी तलवारी वाटल्या, घोडे वाटले, आणि म्हणाले, 'भट्टीवरची तेते आजपासून कुणाची दासी नाही.'"

"आणि शिवार मठाला."

"शिवार, बैल, माणसं, सगळं. माझी हिल्ड तेव्हा तीन दिवसांची. तिचं नावच ठेवलं नव्हतं, तर धनी घेणार कुठून?"

"म्हणजे ती मठाची?"

"वयात आली तशी नेली. पाच वर्षं झाली, दिसली नाही. आतल्या भट्टीवर असते."

"मग येतेस कशाला?"

"पाव तीच भाजते ना. कड करपवते, अगदी माझ्यासारखी."

एडविगने टोपली खाली ठेवली आणि भट्टीकडे वळून हाक मारली,

"हिल्ड, आज पाव वाटायला तू ये."