सही माझीच होती

सन्माननीय सभाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या आपल्या सर्वांच्या आत्या, त्यांची कन्या, आणि विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्या भगिनींनो, बंधूंनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'निवृत्त सरकारी अधिकारी' एवढीच करून दिली. हे त्यांचं सौजन्य. उरलेली मी करून देतो. हँगर बंद पडण्याआधी तपासणीला आलेला अधिकारी, तो मी. मागच्या रांगेतल्या काहींनी ओळखलेलं दिसतंय. बसा, कृपया. माझं होऊ द्या, मग जे बोलायचं ते बोला.

आत्या आज कामगार संघटनेच्या अध्यक्षपदावरून निवृत्त होताहेत. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी विमानाच्या पत्र्याचं काम केलं. मी पहिल्यांदा आलो तेव्हा विमानाच्या पोटाखाली कोणीतरी उताणं पडून रिव्हेट बसवत होतं. मी टाय सावरत विचारलं, "इथले फोरमन कुठे भेटतील?" खालून आत्यांचा आवाज आला, "फोरमन कामात आहे. तोवर स्टुलावर बसा. पुसून बसा हं, ग्रीस आहे." हसा, हसा. मीही तेव्हा हसलो होतो.

सरकारने विमान कंपनी विकली तेव्हा कायद्यातच अट घातली होती, की विमानांची देखभाल-दुरुस्ती याच शहरात, इथल्याच कामगारांकडून व्हायला हवी. ती पाळली जाते की नाही हे पाहण्याचा मला पगार होता. कंपनी गुपचूप विमानं दुरुस्तीसाठी परदेशी धाडू लागली. आत्यांनी चौदा विमानांचे नंबर तारखांसकट वहीत टिपून माझ्या टेबलावर ठेवले. मी सगळे पडताळले. एकही तारीख चुकलेली नव्हती.

मग मी काय केलं? कंपनीला द्यायची नोटीस लिहिली. वरिष्ठांनी ती वाचली आणि म्हणाले, "कायदा छान समजलाय तुम्हाला. फक्त देखभाल म्हणजे नक्की काय, याचाही विचार करा." एवढंच. ना धमकी, ना आमिष. बढतीची यादी तीन महिन्यांवर आली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला आपोआप आठवलं. मी नोटीस फाडली. विमान धुणं, टायर बदलणं, सीटची कव्हरं चढवणं, या सगळ्याला 'देखभाल' धरलं आणि अहवालात लिहिलं, 'अटीचे समाधानकारक पालन होत आहे.' सही माझीच होती.

आठ महिन्यांत हँगरला कुलूप लागलं. चारशे माणसं घरी बसली. आत्यांचे यजमान इंजिन विभागात होते. ते आज इथे का नाहीत? आपली विमानं ज्या परदेशी कारखान्यात जातात, तिथेच ते कंत्राटावर आहेत. इंजिनं तीच, हात तेच. समोर बसलेल्या या लेकीला लग्नात त्यांनी फोनवरून आशीर्वाद दिले.

तुम्ही कोर्टात गेलात. कंपनीच्या वकिलांनी माझा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला आणि तुम्ही हरलात. मी शेवटच्या बाकावर होतो. उठून उभं राहायला कोणी अडवलं होतं का? नाही. मी उठलो नाही. बाहेर जिन्यात आत्या समोर आल्या. म्हटलं, आता खरडपट्टी काढणार. त्यांनी विचारलं, "साहेब, तारखा तुम्ही पडताळल्या होत्या ना हो?"

मी म्हटलं, "हो."

"बरोबर होत्या?"

"हो."

"मग ठीक. मला वाटत होतं, माझंच लिहिताना काही चुकलं."

मंडळी, तीन वर्षं ही बाई स्वतःची चूक शोधत होती.

गेल्या महिन्यात त्यांचाच फोन आला. "माझ्या निरोपाला सरकारकडून कोणीतरी हवं. तुम्ही या." त्यानंतर मी तुम्ही वरच्या कोर्टात केलेल्या अपिलाच्या कामी शपथपत्र दिलं, की अहवाल खोटा होता आणि तो खोटा आहे हे ठाऊक असून मी लिहिला. त्याने हँगर उघडेल असं वकील म्हणत नाहीत. तिथे आता गोदाम आहे. आणि हे मी निवृत्तीनंतर, गमावण्यासारखं फारसं उरलं नसताना केलं, हेही तुमच्या ध्यानात आलं असेलच.

आपण बोलावलंत, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. क्षमा मागतोय ती या भाषणापुरती. अहवालाची मागत नाही. मागितली तर आत्या लगेच देऊन टाकतील, आणि चारशे घरांच्या वतीने ती देण्याचा भार मला त्यांच्यावर घालायचा नाही.